फिलूबाय दाराला कान लावते

फिलूबाय कुणाच्याही घरी गेली की आधी बेल वाजवत नाही. दाराला कान लावते.

चोरून नाही, उघड. चप्पल काढते, पर्स काखेत घट्ट धरते, मान तिरकी करते आणि उजवा कान फळीला टेकवते. जरा वेळ तशीच उभी राहते. मग बेल. कसालला आमच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा मी खिडकीतून हे सगळं बघत होतो आणि मनातून घाबरलो. कारण थोड्याच वेळापूर्वी मी मीठ जास्त झालं म्हणून बायकोवर आवाज चढवला होता. दार उघडलं. फिलूबायनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराकडे, आणि म्हणाली, "सावंतांनू, कुकर उतरवा. पाणी संपला तेतूरचा. आवाज कोरडो येता."

कुकर उतरवला. पाणी खरोखर संपलं होतं.

मी तिला भ्यायला लागलो तो त्या दिवसापासून. तोंडावर मी तिला अहो-जाहो करतो. लिहिताना ‘ती’ म्हणतोय, कारण कागद तिला दाराबाहेरून ऐकू येणार नाही अशी आशा आहे.

तिचं पाटीवरचं नाव डॉक्टर फिलोमिना. कुडाळजवळ आमची एक छोटी प्रयोगशाळा आहे, तिथली ती गुणवत्ता तपासणीची प्रमुख. मी तिथला व्यवस्थापक, म्हणजे पगार, गाडी, जनरेटर आणि शिव्या हे माझं खातं. आमच्याकडे माणसाची कातडी वाढवतात. हे मी नातेवाइकांना सांगणं कधीच सोडून दिलं. आमच्या वाडीतल्या अर्ध्या लोकांची समजूत आहे की मी चपलांच्या कारखान्यात कामाला आहे. उरलेले अर्धे माझ्या घरचा चहा पीत नाहीत.

काम तसं समजायला कठीण नाही. भाजलेल्या माणसाच्या अंगावरचा नखाएवढा चांगल्या कातडीचा तुकडा आमच्याकडे येतो. त्यातल्या पेशी सुट्या करून एका मऊ जाळीवर, लालसर पाण्यात, इन्क्युबेटर नावाच्या उबदार कपाटात वाढवायच्या. काही आठवड्यांनी ओल्या पापडासारखा एक पडदा तयार होतो. तो जखमेवर लावायचा. पण लावण्याआधी कुणीतरी छातीवर हात ठेवून सांगायला हवं, की हा चांगला आहे. पूर्वीची रीत म्हणजे कोपरा कापायचा, रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. बघितलेला कोपरा अर्थात मेला. आणि पडदा तर एकाच माणसाच्या नावाचा, दुसरा कुठून आणणार?

फिलूबाय कापत नाही. कापणाऱ्याचा तिला मनापासून राग आहे.

ती केसाएवढ्या दोन तारा पाण्यात सोडते, एक पडद्याच्या वर आणि एक खाली, आणि मुंगीलाही कळणार नाही एवढी वीज पाठवते. पेशी एकमेकींना घट्ट बिलगल्या असतील तर वीज अडते. मध्ये फटी असतील तर सरळ पलीकडे जाते. मग एका यंत्रातून डोळ्यांना न दिसणारा उजेड पडद्यावर टाकते. परत येणाऱ्या उजेडावरून आतले थर संगणकावर रेघारेघांनी दिसतात, आणि पडदा आपल्या पाण्यात निवांत असतो. "न फोडता सांगतंय," हे तिचं ठरलेलं वाक्य. ते ती पडद्याबद्दल म्हणते, नारळाबद्दल म्हणते, नवीन भरती झालेल्या माणसांबद्दलही म्हणते.

बाजारात तिच्यासोबत जाणं म्हणजे शिक्षा. कलिंगडवाल्याकडे कलिंगड कानाशी धरून उभी राहते, जणू फोन आलाय. मालवणच्या मासळी बाजारात टॉर्च घेऊन जाते आणि सुरमईच्या डोळ्यात उजेड टाकते. एका मासेवालीनं एकदा तिला सुनावलं होतं, "गो बाये, तेका चष्मो लावूचो आसा काय?" फिलूबाय शांतपणे म्हणाली, "तुझ्या सुरमईक नाय, गिऱ्हाइकाक लावूक व्हयो. कालची आसा ती." मासेवालीनं मासा उचलून टोपलीखाली सरकवला.

आमचा ड्रायव्हर बाबली तर तिच्या समोरून जाताना चालच बदलतो. एका सकाळी त्यानं नुसतं "बाय, गाडी तयार आसा" म्हटलं, तर ती म्हणाली, "घरात भांडून इलंस. जा, बायलेक फोन कर, मगे गाडी काढ." बाबली मला येऊन म्हणाला, "सायबांनू, ही बाय पोलिसात व्हयी होती. लोका मार खाल्ल्याबिगर कबूल झाली असती."

हे वेड देवगडच्या बागेतलं. तिच्या वडिलांची हापूसची कलमं होती. हापूसला साका म्हणून एक रोग असतो. आंबा बाहेरून सोन्यासारखा, वासाला सुरेख, आणि कापला की आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गोळा. बाहेरून कळायला मार्ग नाही. मुंबईचा व्यापारी पेटीतला एक आंबा काढून सुरीनं कापायचा. तो खराब निघाला की सगळी रास खराब ठरली. वडील तिथेच उभे, हात बांधून. लहानपणी ती वडिलांसोबत एकदा गेली होती. कापलेला आंबा साक्याचा निघाला. पेट्या परत आल्या. घरी येऊन तिनं हट्टानं त्यातला एकेक आंबा कापला, आणि दुसऱ्या एकाही आंब्यात साका नव्हता.

"कापलेलो आंबो फकत आपली खबर देता," ती अजूनही तावातावानं सांगते. "बाकीच्यांची कोण देतलो? आणि माझे बरे आंबे मीच कापून बसलंय! सायबा, काय ती अक्कल!" हे सांगताना ती हसते, पण हात मात्र टेबलावर सुरी नसल्याची खात्री करत असतात.

इथवर सगळं गमतीचं. पुढचं लिहायला मला बराच काळ लागला. सुलभालाही, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे उशिराच सांगितलं.

सुलभा वडे तळत होती. कढई कलंडली आणि उकळतं तेल दोन्ही पायांवर आलं. ती ओरडली तो आवाज मी इथे लिहिणार नाही. हॉस्पिटलात एका पायाला तिच्याच मांडीची कातडी लावली. दुसऱ्यासाठी आणखी कातडी काढायला डॉक्टर तयार होईनात, कारण तिला साखर आहे, काढलेली जागा भरेल याचा भरवसा नव्हता. ते म्हणाले, "तुम्ही जिथे काम करता, तिथूनच मागवतो." मी मान हलवली. इतकी वर्षं मी त्या पडद्यांच्या खोक्यांवर सह्या केल्या होत्या. एकाही खोक्यावरचं नाव मी नीट वाचलं नव्हतं.

सुलभाचा नखाएवढा तुकडा आला. फिलूबायनं मला बोलावून घेतलं. तिचा एक नियम आहे, तो भिंतीवर लिहिलेला नाही पण सगळ्यांना पाठ आहे: ज्याचं माणूस कपाटात, त्यानं कपाटाकडे फिरकायचं नाही.

"सावंतांनू, त्या खोलयेत तुमी येवचा नाय."

"नाय येणंय."

"शपथ घालणंय नाय. माणूस शपथ मोडता आणि मगे दोन दुःखा होतत."

मी मुळात भित्रा माणूस. वीज गेली की माझा हात आधी छातीवर जातो, मग जनरेटरच्या बटणावर. आता तर वीज असतानाही माझा हात छातीवरच असायचा. रस्त्यात गाडीनं ब्रेक लावला की वाटायचं, कपाट बंद पडलं. हॉस्पिटलात सुलभाच्या पायावरची पट्टी बदलायची वेळ आली की मी बाहेर कॉरिडॉरमध्ये उभा. आतून ती हाक मारायची, "ओ, खंय गेलात?" आणि मी "डॉक्टरांका बघतंय" म्हणायचो. डॉक्टर आतच असायचे.

दुपारी सगळे डबे खायला बसले की मी म्हणायचो, "डिझेल बघून येतंय." आणि त्या खोलीत जायचो.

कोट घालायचो, टोपी घालायचो, हाताला स्पिरिट लावायचो. इन्क्युबेटरला दोन दारं असतात. बाहेरचं पत्र्याचं, आतलं काचेचं. काचेतून बघून बाहेरचं दार लावलं असतं तरी फारसं बिघडलं नसतं. पण बाहेरचं दार उघडून उभं राहिलं की काच निवते आणि आतून धुकं धरतं. काही दिसत नाही. न दिसणं मला सहन होत नव्हतं. मग मी काचेचं दार उघडायचो.

आणि बघून मला कळत काय होतं? काही नाही! बशीत लालसर पाणी, त्यात दुधावरच्या सायीसारखं काहीतरी. पगारपत्रकं बघणारा माणूस मी. तरी बघायचो. खाली वाकून, श्वास रोखून बघायचो. एकदा तर मी विचारलं, "सुलू, थंडी वाजता काय गो?" आणि दार उघडं धरून उत्तराची वाट बघत राहिलो.

थंडी मीच घालत होतो. दार उघडलं की ऊब जाते, आतल्या हवेचा मेळ बिघडतो, आणि ते पुन्हा जमेपर्यंत पेशी वाढायचं सोडून नुसत्या तग धरून राहतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. नवीन माणसांना पहिल्या दिवशी हे मीच वाचून दाखवतो.

पहिली तपासणी झाली. फिलूबाय माझ्या टेबलाशी आली. खुर्ची होती, तरी उभीच राहिली.

"वीज सरळ जाता, सावंतांनू."

फटी. त्या सायीसारख्या पडद्यात फटी राहिल्या होत्या. असा पडदा लावला तर तो धरत नाही, खाली पाणी साठतं, सडतो, आणि साखर असलेल्या बाईचा पाय मग कुठवर वाचवायचा हे सर्जन ठरवतो. नाही लावला तर जखम उघडी, रोज थोडा पू, रोज थोडा ताप. दोन्हीकडे पायच.

"काय झाला असात?" मी विचारलं. माझा आवाज मलाच घरात भांडून आलेल्या बाबलीसारखा वाटला.

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "दाराचा रबर सैल झाला असतला. नवीन आणा."

रबर आणणं हे माझंच खातं. मी स्वतः गेलो, स्वतः आणलं, स्वतः उभं राहून बसवून घेतलं. जुनं रबर ठणठणीत होतं. बाबली ते हातात ताणून बघत म्हणाला, "ह्या तर लग्नातल्या नवीन जोड्यासारखा घट्ट आसा, सायबांनू! बदलूक कोणी सांगल्यान?" मी त्याच्या हातातून ते हिसकावून घेतलं. त्या दुपारी फिलूबाय आपला डबा घेऊन इन्क्युबेटरच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसली. रोज तिथेच जेवू लागली. मी डिझेल बघायला गेलो की ती डब्यातली भाजी पुढे करायची. "खावा वायच. फणसाची आसा." मी खायचो.

आठवड्याच्या शेवटी हॉस्पिटलातून फोन आला. ताप चढलाय, पडदा कधी देणार? रविवार होता. मी स्कूटर काढली आणि तारकर्लीला फिलूबायच्या घरी गेलो. आजूबाजूला पाहुण्यांची वर्दळ, कुठेतरी गाणी, कुणी ओलेत्या कपड्यांनी किनाऱ्यावरून परत येतंय. तिचं घर माडांत, मागे, शांत. मी बेल वाजवली. ती माझी चाहूल आधीच लागल्यासारखी दारात उभी.

मी पायरीवरच बोलायला सुरुवात केली. बोललो म्हणजे भीक मागितली.

"बाय, पास म्हणा. एक सही. पडदो जावंदे. तिका ताप आसा. काय होतला ता होतला, माका हे वाट बघणा सहन होणा नाय."

"आणि नाय धरल्यान तर?"

"तरी कायतरी केला असा होतला ना!"

"तुमका करूचा आसा, सावंतांनू. तिका बरा होवचा आसा. ती दोन कामा वेगळी."

मी मटकन खाली बसलो. तिनं पाणी आणून दिलं. आणि मी सांगून टाकलं. स्पिरिट, टोपी, काचेचं दार, ‘थंडी वाजता काय गो’, सगळं. सांगताना मला वाटलं होतं ती मला हाकलून देईल, उद्या नोकरीवरून काढेल. खरं तर मला तेच हवं होतं. कुणीतरी शिक्षा केली की निदान भीती थांबते.

ती म्हणाली, "माका ठावक होता."

"कसा?"

"तुमच्या हातांका स्पिरिटाचो वास येय होतो. पगाराची कागदा करणाऱ्या माणसाच्या हाताक स्पिरिट कित्या? आणि डिझेल बघून येणाऱ्याच्या हाताक डिझेलचो वास नको?"

मी ओंजळीकडे बघत राहिलो.

"मगे त्याच दिवशी सांगलास नाय कित्या? रबर बदलूक लावलास ता!"

"त्या दिवशी तुमचो आवाज बरो येय नाय होतो," ती म्हणाली. कलिंगड परत ठेवताना म्हणते तशीच, साधेपणानं. "वरसून सगळा ठीक, आत पोकळ. त्या दिवशी बोललंय असतंय तर तुमी थयच मोडून पडलात असतास. मगे हॉस्पिटलात तिच्या खाटेकडे कोण बसतलो? बाबली?"

मग तिनं मला भात आणि कालवण वाढलं. समोर बसून मी जेवतो की नाही ते बघितलं. पास म्हणाली नाही. "दार बंद आसा आता. पेशी आपणहून हात धरतत एकमेकींचो. वायच ऊब आणि वायच वेळ. माका घाई करूक सांगा नकात, आणि मियाही तुमका धीर धरूक सांगणंय नाय. भिया हवा तितक्या. फकत भायर बसान भिया."

मी बाहेर बसून भ्यालो. दिवसभर. हॉस्पिटलात सुलभाचा तापलेला हात धरून भ्यालो, जनरेटरशेजारी बसून भ्यालो. आणखी एक तपासणी झाली तेव्हा मी खोलीच्या बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होतो. तारा सोडल्या, उजेड टाकला, तिनं काही बोलायच्या आधी मला तिच्या चपलेचा आवाज आला. ती नेहमी पाय ओढत चालते. त्या दिवशी पाय उचलून येत होती. न फोडता मला कळलं.

"अडता," ती म्हणाली. "वीज अडता, सावंतांनू. गाडी काढूक सांगा."

बाबलीनं ती पेटी अशी नेली, की वाटेत एका म्हशीनंही त्याला ओव्हरटेक केलं असेल. मी मागच्या सीटवर पेटी मांडीवर धरून. झाकणाला हात लावला नाही.

पडदा लावला. पट्टी पहिल्यांदा सोडायची त्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. मी खिडकीकडे बघत उभा राहिलो. पट्टीचे थर निघाल्याचा आवाज आला. "ओ," सुलभा म्हणाली, "हयसर बघा तरी! माझो पाय आसा, भूत नाय!" बघितलं. गुलाबी, ओलसर, रेघारेघांचा, कुणाच्या तरी नुकत्याच जन्मलेल्या अंगासारखा. डॉक्टर म्हणाले, "धरलंय." सगळीकडे नाही. घोट्याजवळचा एक तुकडा निसटला, तिथे अजून पट्टी लागते, आणि तेवढा तुकडा माझा आहे असं मी धरून चालतो. सुलभाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी दार उघडून माका हाक मारलास? मी घरात हाक मारतंय तेवा तर ओ देणात नाय."

ती चालायला लागल्यावर फिलूबाय आम्हाला भेटायला कसालला आली. दाराला कान लावला. आत सुलभा एका पायानं जरा लंगडत चहा गाळत होती, मी टीव्ही लावला होता. फिलूबाय या वेळी नेहमीपेक्षा जास्त वेळ कान लावून उभी राहिली. मी खिडकीतून बघत होतो. तिचे डोळे मिटलेले होते. मग बेल.

पायाकडे तिनं बघितलं, हात लावला नाही. "बरी झाली," एवढंच. सुलभानं तिला घावणे वाढले, आणि आमच्या घराण्यात कोण कसं घोरतं इथपर्यंत गप्पा गेल्या. निघताना बस चुकली, म्हणून मी तिला स्कूटरवर तारकर्लीला सोडायला गेलो. संध्याकाळ होत होती. माडांच्या सावल्या लांब पडलेल्या.

ती उतरली. फाटक उघडलं, अंगण ओलांडलं. दाराला कुलूप होतं, बाहेरून, पितळेचं, तिनं स्वतः सकाळी लावलेलं. तिनं चप्पल काढली. पर्स काखेत घट्ट धरली. मान तिरकी केली आणि उजवा कान फळीला टेकवला.

मी स्कूटर बंद केली.

"बाय," मी न राहवून म्हटलं, "आत कोण आसा?"

"कोण नाय." तिनं कान काढला नाही. "माझी आई आजारी होती तेवा मी ऑफिसातसून येय. आत ती जपमाळ घेवन तेर्स म्हणत आसली की पुटपुटणा ऐकाक येय. मगे चावी. ऐकाक नाय इला तर हयच उभी रवय. चावी घालूक धीर होय नाय. एक दिवस खूप वेळ उभी रवलंय."

माडांतून वारा गेला. मला पुढचं विचारायचं होतं. प्रश्न जिभेच्या टोकापर्यंत आला होता. पण बंद दार बघवत नाही तो माणूस मीच, आणि त्या सवयीनं काय होतं ते मला माहीत आहे. मी दोन्ही हात खिशात घातले आणि तसाच उभा राहिलो.

जरा वेळानं तिनं चावी फिरवली. आत दिवा लागला. मग दारातून मान बाहेर काढून म्हणाली, "जावा आता. सुलभा वाट बघता. आणि स्कूटरीची चेन बघून घेवा, आवाज बरो येणा नाय."

मी निघालो. फाटकाबाहेर आल्यावर थांबलो, आणि चेनकडे बघत असल्यासारखं करत, आतून भांड्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभा राहिलो.